सालस जोडीदार

ब्राझिलियन जिउ-जित्सूचा पारंपरिक तास ठरलेला. आधी पाठीवर पडून कोलंबीसारखं आकसत मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकायचं. मग गुरुजी आर्मबार, म्हणजे हात ताणून कोपर अडकवण्याचा डाव, दाखवणार: मनगट धरा, कंबर वळवा, पाय डोक्यावरून पलीकडे टाका. जोडीदार इतका सालस की हात आपणहून पुढे करतो! दहा वेळा असा आयता हात मिळाला की शिष्याला वाटतं, जमलं. शेवटी खरी झटापट सुरू होते आणि तोच सालस माणूस कोपर बरगडीला चिकटवून बसतो. गुरुजींचं उत्तर तयार असतं: सराव वाढवा. फी अर्थातच दरमहा.

याला कंटाळून अमेरिकेत ग्रेग साउडर्स यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी पाठांतरच मोडीत काढलं. डाव पायरी-पायरीने दाखवायचा नाही, खेळ लावायचा: वरच्याने पाय ओलांडायचे, खालच्याने ओलांडू द्यायचे नाहीत. विचार रास्त आहे. फक्त काही नवदीक्षित असे बोलतात, जणू विरोध करणाऱ्या माणसाचा शोध परवाच लागला. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी रांदोरीला, म्हणजे मोकळ्या झुंजीला, एकोणिसाव्या शतकातच मानाचं स्थान दिलं होतं. आणि ब्राझीलला ही विद्या पोचवणारे मित्सुयो माएदा त्यांच्याच कोदोकान या शाळेचे.

तेव्हा क्लास निवडताना भिंतीवरचे पट्टे आणि पंथाचं नाव बाजूला ठेवा. तासातली किती मिनिटं समोरचा खरोखर विरोध करतो, तेवढीच मोजा.