संगीताचा सदुपयोग

गाणे हे गाण्यासाठी शिकायचे असते, असा एक समज आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या होता. त्यापायी किती वर्षे वाया गेली याचा हिशेब मांडला तर छाती दडपेल. केसरबाई केरकरांनी अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षे तालीम घेतली. भास्करबुवा बखल्यांचे तर एका घराण्यावर भागले नाही. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही ठिकाणची विद्या त्यांनी मिळवली. एवढे करून या मंडळींचा बुद्ध्यांक नेमका कितीने वाढला, याची नोंद कोणीही ठेवलेली नाही. इतक्या मेहनतीतून पदरात काय पडणार, हे कोणा उस्तादाला विचारायचेही कोणाला सुचले नाही. आजचा सुजाण पालक हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारतो, आणि त्याबद्दल त्याचे मोकळ्या मनाने अभिनंदन केले पाहिजे.

या जागृतीचा उगम अमेरिकेत आहे. १९९३च्या ऑक्टोबरात ‘नेचर’ या नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील तीन संशोधकांचे टिपण आले. जेमतेम पानभर. फ्रान्सिस राउशर, गॉर्डन शॉ आणि कॅथरिन की यांनी कॉलेजातल्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोत्झार्टची दोन पियानोंसाठी लिहिलेली सोनाटा ऐकवली, दहा मिनिटे अंग सैल सोडायला सांगणारी टेप ऐकवली आणि दहा मिनिटे काहीच ऐकवले नाही. दर वेळी लगेच एक चाचणी घेतली. सोनाटेनंतरचे गुण बुद्ध्यांकाच्या मापात आठ-नऊ अंकांनी जास्त भरले. हा लाभ दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो, असेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. तान्ह्या मुलांविषयी त्या टिपणात अवाक्षर नाही, पोटातल्या मुलांविषयी तर नाहीच.

चाचणीतला एक प्रकार सांगण्यासारखा आहे. कागदाच्या घड्या घातल्या, त्यावर कात्री चालवली, तर उलगडल्यावर तो कसा दिसेल, हे मनातल्या मनात ओळखायचे. गणपतीच्या मखरासाठी घोटीव कागदाची जाळी कापणारे आपल्याकडचे काका-आत्या हे काम ‘लवकर आवरा, गुरुजी येतील’ अशा आरड्याओरड्यात करत आले आहेत. मोत्झार्टची साथ असती तर ही माणसे कुठल्या कुठे गेली असती!

छत्तीस जणांच्या दहा मिनिटांवरून अखिल मानवजातीचे कल्याण ओळखायला द्रष्टेपण लागते. ते संशोधकांपाशी नव्हते. सुदैवाने राजकारण्यांपाशी होते. जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी १९९८ साली राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अभिजात संगीताची ध्वनिफीत किंवा सीडी देण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलर मागितले आणि विधिमंडळात आमदारांना बेथोव्हनही ऐकवला. त्याच वर्षी फ्लोरिडाने कायदाच केला: सरकारी पैशावर चालणाऱ्या पाळणाघरांत रोज अभिजात संगीत वाजलेच पाहिजे. गायन-वादनाचे शिक्षक नेमायचे म्हणजे पगार आला, रजा आल्या, निवृत्तिवेतन आले. सीडीला यातले काहीच लागत नाही. लोककल्याणाचा इतका काटकसरी मार्ग क्वचितच सापडतो.

अशा शुभकार्यात विघ्न आणणारे लोक असतातच. १९९९ साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी मोत्झार्टच्या जागी स्टीफन किंगची एक गोष्ट ऐकवून पाहिली. ज्यांना गोष्ट आवडली त्यांचे गुण गोष्टीनंतर वाढले, ज्यांना मोत्झार्ट आवडला त्यांचे मोत्झार्टनंतर. म्हणजे आवडीचे काही कानावर पडले की माणसाला तरतरी येते आणि तो घटकाभर बरे काम करतो. हा शोध आपल्याकडे टपरीवरच्या चहाने फार पूर्वीच लावला आहे, पण त्यावर कोणी सीडी काढली नाही. पुढे ब्रिटनमधल्या दहा-अकरा वर्षांच्या आठ हजारांवर मुलांची आकडेवारी तपासली गेली. त्यात कागदाच्या घडीच्या चाचणीत ‘ब्लर’सारख्यांची पॉप गाणी ऐकणारी पोरे मोत्झार्टवाल्यांच्या पुढे गेली. २०१० साली तर खुद्द व्हिएन्नाच्या विद्यापीठातून, सुमारे चाळीस अभ्यासांतल्या तीन हजारांच्या आसपास माणसांची बेरीज मांडून, या परिणामाला मूठमाती देण्यात आली. ज्या गावात मोत्झार्टने आयुष्याची शेवटची दहा वर्षे काढली, त्या गावाने तरी एवढे निर्दय व्हायला नको होते. मोत्झार्ट स्वतः जन्मभर मोत्झार्ट ऐकत होता आणि तरीही अखेरच्या वर्षांत त्याला स्नेह्यांकडे उसने पैसे मागावे लागले, हा मुद्दा विरोधकांच्या नजरेतून कसा सुटला कोण जाणे. आपणही तो काढू नये. आवाज लहान ठेवला असेल.

आपल्याकडे या ज्ञानाला जुनी परंपरा असल्यामुळे ते रुजायला वेळ लागला नाही. गर्भसंस्काराच्या वर्गात अभिमन्यूचा दाखला हमखास दिला जातो. त्याचा अभ्यासक्रम अर्धवट राहिला हे खरे, परंतु तो दोष पद्धतीचा नव्हता. सुभद्रेला डोळा लागला. आता हेडफोन थेट पोटालाच लावता येतो, त्यामुळे आईला झोप लागली तरी बाळाचा अभ्यास अडत नाही. विज्ञानाने परंपरेची उणीव भरून काढली ती अशी.

पोटातल्या बाळाला ऐकू येते, हे तर कोणी नाकारतच नाही. १९८८ साली बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी ते पडताळून पाहिले. गरोदरपणी ज्या बायका ‘नेबर्स’ नावाची दूरचित्रवाणी मालिका नेमाने पाहत होत्या, त्यांची नवजात बाळे मालिकेची धून लागली की ती ओळखत आणि शांत होत. इतर बाळांना तिचे काहीच नव्हते. या प्रयोगाचा अर्थ आपल्या घरांपुरता लावायचा तर असा निघतो: सकाळी दहा मिनिटे भीमपलास लावून सायंकाळी साडेसहा ते दहा मालिका पाहिल्यास बाळ कोणत्या घराण्याचे निघेल, हे सांगायला ज्योतिषी नको. हा प्रयोग आपल्या वर्गांत सांगितला जात नाही. त्यामागे संयोजकांचा सुज्ञपणाच आहे. गर्भवतीला उगाच चिंतेत टाकू नये.

आता कोणी म्हणेल, ऐकून काही होत नसेल, पण शिकून तर होत असेल? टोरंटोत १४४ सहा वर्षांच्या मुलांवर हाही प्रयोग झाला; २००४ साली तो प्रसिद्ध झाला. काहींना कीबोर्ड, काहींना गाणे, काहींना नाटक, काहींना वर्षभर काहीच नाही. गाण्या-वाजवण्याच्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा सुमारे पावणेतीन अंकांनी अधिक वाढला. नाटकाच्या मुलांच्या बुद्धीत तशी वाढ दिसली नाही. ती फक्त इतरांशी अधिक चांगली वागू लागली. असल्या किरकोळ लाभासाठी कोण फी भरणार? पण त्या पावणेतीन अंकांवरही लोकांचा डोळा होताच. २०२० साली ५४ अभ्यासांतल्या सुमारे सात हजार मुलांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. ज्या अभ्यासांची मांडणी काटेकोर होती, त्यांत संगीतशिक्षणाचा बुद्धीवरचा परिणाम शून्याच्या जवळ आला. थोडक्यात, गाणे शिकल्याने माणूस गाणे शिकतो, एवढेच शिल्लक राहिले. इतक्या तुटपुंज्या निष्कर्षावर कोणता समाज उभा राहील?

महाराष्ट्राने मात्र ही उणीव ओळखली आणि शास्त्रीय कलांच्या ठरावीक परीक्षा दिलेल्यांना दहावीला अतिरिक्त गुण देऊ केले. जे मेंदूत सिद्ध होत नव्हते ते गुणपत्रिकेत सिद्ध करून दाखवले. याचे सुपरिणाम पाहायचे तर शनिवारी संध्याकाळी कुठल्याही सोसायटीच्या हॉलमध्ये डोकवावे. सहा-सात मुले सतरंजीवर बसली आहेत. मोबाइलवर तानपुरा लागला आहे. ताई पेटीवर भूप घेऊन बसल्या आहेत आणि एका मुलीचा धैवत काही केल्या जागेवर बसत नाही. ताई तिला परत पंचमावर आणतात, थांबवतात, डोळे मिटायला सांगतात, पुन्हा धैवत लावायला लावतात. यात पाच मिनिटे जातात! बाकीची मुले तेवढ्या वेळात वहीतले पाच आलाप आणि पाच ताना पाठ करतात, कारण परीक्षेला तेवढेच लागतात आणि भूपाचा वादी गंधार, संवादी धैवत हे लिहिता आले की पुरते. दारात स्कूटीची किल्ली फिरवत उभी असलेली आई अदबीने विचारते, “ताई, दहावीच्या आत तेवढ्या परीक्षा होतील ना?” या प्रश्नात जी नेमकी उद्दिष्टनिष्ठा आहे ती भास्करबुवांच्या तिन्ही गुरूंना मिळून दाखवता आली नाही. धैवतावर अडकलेल्या त्या मुलीची मात्र काळजी वाटते. तिला तो लावायचाच आहे असे दिसते.

आलाप पाठ करणे म्हणजे काय, असे जुने लोक विचारतात. त्यांना गुणदान कसे करतात हे ठाऊक नसते. परीक्षकासमोर चार मिनिटांत मनात येईल ते गायचे म्हणजे केवढी जोखीम! पाठ केलेला आलाप चुकत नाही, वाढत नाही आणि दहावीचा निकाल लागल्यावर विसरताही येतो. त्यानंतर पेटी माळ्यावर जाते, तिच्यावर जुनी बेडशीट पडते आणि घरात अकरावीच्या क्लासला जागा होते. गाण्याने आपले काम केलेले असते.

हे सगळे सुरळीत चालू राहावे, म्हणून पालकांना एकच नम्र विनंती. मुलावर लक्ष ठेवा. परीक्षेत नसलेला राग ते स्वतःहून ऐकू लागले, आंघोळ करताना तीच जागा पुन्हा पुन्हा घोळवू लागले किंवा परीक्षा संपल्यावरही क्लासला जायचे म्हणू लागले, तर वेळ घालवू नका. लगेच क्लास बदला.