‘कमी धोका’ कोणाला?

१४ मार्च २००६ च्या पहाटे हवाईच्या कवाई बेटावर ‘का लोको’ हे मातीचं खासगी धरण फुटलं. ओढ्याकाठी खाली राहणारी सात माणसं गेली. सरकारदप्तरी या धरणापुढे शेरा होता, ‘कमी धोका’.

हा शेरा धरण मजबूत आहे की खिळखिळं, हे सांगत नाही. ते फुटलं तर खाली कोणाचं काय जाईल, एवढंच सांगतो. माणसं दगावण्याची शक्यता असेल तर ‘जास्त’. जीव वाचतील पण नुकसान मोठं होईल तर ‘लक्षणीय’. फार तर मालकाचं स्वतःचं नुकसान होणार असेल तर ‘कमी’. म्हणजे का लोको फुटलं तरी माणूस मरणार नाही, असं राज्य लिहून बसलं होतं. ओढ्याच्या कडेने खाली चालत जाऊन घरं पाहिली असती, तर हा शेरा तासाभरात खोडावा लागला असता.

धरण १८९० चं, उसाच्या मळ्यासाठी बांधलेलं. मळा बंद पडला, जमिनी विकल्या गेल्या, धरण नव्या मालकांकडे आलं. मातीच्या धरणाचा जीव सांडव्यात, म्हणजे जादा पाणी जायच्या वाटेत, असतो. भरावाच्या माथ्यावरून वीतभर पाणी जरी वाहू लागलं, तरी खालच्या उताराची माती सुटते, ओघळ पडतात, ओघळ खोल होत माथ्याकडे सरकतात आणि मग सगळा साठा एकदम मोकळा होतो. का लोकोच्या वर कित्येक आठवडे पाऊस कोसळत होता आणि जादा पाणी जायला वाटच नव्हती. सांडवा बहुधा मातीने बुजवला गेला होता, असं राज्याने नेमलेल्या स्वतंत्र चौकशीत निघालं. मालकाने हा आरोप नाकारला. पुढे २०१४ मध्ये त्याला सात महिन्यांची कैद झाली.

सात जीव, सात महिने. मला मात्र मालकापेक्षा जास्त राग आहे तो राज्याचा. बुजलेला सांडवा बांधावर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. धरण फुटेपर्यंत सरकारी अभियंत्याने तिथे एकदाही पाहणी केली नव्हती.

अमेरिकेतली निम्म्याहून अधिक धरणं खासगी आहेत. शेरा ‘जास्त’ झाला की पाहण्या वाढतात, दुरुस्त्या मागे लागतात, आपत्कालीन आराखडा करावा लागतो आणि हा सगळा खर्च मालकाच्या माथी येतो. ‘कमी’ राहण्यात त्याचा फायदा आहे. म्हणूनच तो शेरा त्याच्या शब्दावर ठरता कामा नये.

आपला २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधली धरणं लांबी, साठा, पुराचा विसर्ग, पाया अशा एखाद्या अटीत बसली तर आत येतात. त्याहून बुटकी सगळी बाहेर. खाली वस्ती आहे का, हा प्रश्न या अटींत कुठेच नाही. तो पहिला हवा. बांधाखाली नव्या घराला परवानगी द्यायची तर आधी धरणाचा शेरा नव्याने तपासा, आणि तो त्या घरात राहायला येणाऱ्यांच्या हाती लेखी द्या.