बघत बसण्याचा पगार

"भाऊजी, आमच्या सूनबाई नक्की काय काम करतात, ते एकदाचं कळलं बरं का," मेंदीच्या कुंपणापलीकडून वहिनींनी जाहीर केलं. हातात वाळत घालायच्या कपड्यांची बादली होती. म्हणजे विषय अर्धा तास तरी चालणार.

"कॉम्प्युटरमध्ये आहे ना ती?"

"ते आपलं चारचौघांत सांगायला. खरं काम वेगळंच. ती बघत बसते."

"काय बघते?"

"माणसं! कुणीतरी मोबाईलवर ॲप चालवत असतं आणि ही शेजारी खुर्ची टाकून बघते, कुठे अडतंय. मदत करायची नाही, सुचवायचं नाही, नुसतं वहीत लिहायचं. आणि त्याचा महिन्याला पगार! मी जन्मभर या गल्लीत फुकट बघत आले, मला कुणी चहा विचारला नाही."

वहिनींची तक्रार आणि वहिनींचं कौतुक यांत सहसा फरक करता येत नाही. बादली खाली ठेवली गेली की कौतुक समजायचं. बादली खाली ठेवली होती.

"रविवारी माझ्यावरच प्रयोग केला तिने. आधी एका कागदावर सही घेतली. सासूची सही! मग म्हणाली, आई, ही तुमची परीक्षा नाही, ॲपची आहे. मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा."

"हे तुम्हाला सांगावं लागलं?"

"तेच म्हटलं मी. मग टेबलावर कागद मांडले. मोबाईलचा पडदा पेन्सिलीने काढलेला, बटणंही पेन्सिलीचीच. मी बोट ठेवलं की ती तो कागद उचलणार आणि दुसरा ठेवणार. भातुकली नुसती! म्हणे ॲप तयार करायला महिने लागतात, कागद फाडायला काही लागत नाही, म्हणून चुका आधी कागदावरच करून घ्यायच्या. तर समजा, गॅस सिलिंडर संपलाय, तो बुक करा, एवढंच सांगितलं. कसं करा ते नाही. मी विचारलं, आता काय दाबू? तर म्हणते, तुम्हाला काय वाटतं?"

"उलट प्रश्न?"

"माझ्या घरात! माझ्या टेबलावर! तीनदा विचारलं, तीनदा तेच. शेवटी मी म्हटलं, जाऊ दे बाई, मलाच नाही कळत हे मोबाईलचं. तर तिने ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. म्हणाली, आई, रोज प्रत्येक माणूस हेच म्हणतो, आणि बहुतेक वेळा चूक त्याची नसते. मग मला विमानाची गोष्ट सांगितली."

वहिनींच्या तोंडून विमानाची गोष्ट ऐकणं हा वेगळाच अनुभव, पण गोष्ट खरी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं सुखरूप उतरायची आणि धावपट्टीवर आल्यावर वैमानिक अचानक चाकं वर घ्यायचा. विमान पोटावर आपटायचं. अहवालात शेरा ठरलेला: वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने माणसाकडे बघण्याऐवजी विमानाच्या आत जाऊन बघितलं. चाकांचा खटका आणि पंखांच्या मागच्या फ्लॅपचा खटका शेजारी शेजारी, आणि दिसायला जवळजवळ सारखे. उतरल्यावर फ्लॅप आत घ्यायचे असतात. दमलेला हात शेजारच्या खटक्यावर पडायचा. सी-४७ विमानात हे खटके वेगळे होते, तिथे अशा चुका होत नव्हत्या. चॅपॅनिसने चाकाच्या खटक्याला रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. अंधारातही हाताला कळावं म्हणून. आजही विमानात चाकांच्या दांडीची मूठ चाकाच्याच आकाराची असते.

"म्हणजे वर्षानुवर्षं बिचाऱ्या पोरांना बोल लावत होते," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडेही तेच की. वीजबिल भरताना कुठेतरी अडलं की हे मला म्हणतात, तुला धीर नाही. त्या पानावर जन्मतारीख घालायला कॅलेंडर येतं. आजच्या महिन्यापासून एकेक महिना मागे मागे जात १९५६ पर्यंत पोचायचं! माझ्या बोटाला घट्टे पडले असते."

"ब्रिटनच्या सरकारी वेबसाइटवर तीन साधे चौकोन देतात. दिवस, महिना, वर्ष. पाठ असलेली तारीख माणूस टाइप करतो, शोधत बसत नाही."

"बघा! साहेबाला कळतं."

"कळत नाही हो, लोकांना बसवून बघतात ते. तिथल्या सरकारने डिझाइनची तत्त्वं छापली, त्यात पहिलंच तत्त्व आहे की सुरुवात वापरणाऱ्याच्या गरजेपासून करा."

"पण भाऊजी, एवढं बसून बघायचं कशाला? सरळ विचारावं ना, आवडलं का."

इथे मला आमच्या घरातलं उदाहरण द्यावं लागलं. आमच्या हिला गेल्या महिन्यात एका दवाखान्याचं ॲप वापरायला दिलं होतं आणि नंतर फोन करून अभिप्राय विचारला. ही म्हणाली, खूप छान आहे. मी घरीच होतो. हिला ते उघडता सुद्धा आलं नव्हतं.

"मग तसं सांगितलं का नाही?"

"फोनवरची मुलगी इतकी गोड बोलत होती, तिला वाईट वाटलं असतं म्हणे."

वहिनींना हे लगेच पटलं. पाहुणा म्हणून गेल्यावर आमटी खारट झालीय असं आपल्यात कोण सांगतं? पानात किती उरली तेवढंच बघायचं. त्यांची सूनसुद्धा 'आवडलं का' विचारतच नाही. ती विचारते, मागच्या वेळी सिलिंडर बुक केला तेव्हा काय काय केलंत? कुणाला फोन लावला? डायरीत नंबर कुठे लिहिलाय? 'असं असतं तर तुम्ही वापराल का' याला लोक हो म्हणतात आणि वापरत नाहीत. मागच्या मंगळवारी काय केलं, ते मात्र खरं सांगतात.

"आणि माहितीये, किती जणांना बसवतात? पाच!" वहिनींनी ओला पंजा दाखवला. "पाच माणसांवरून सगळ्या देशाचं ठरवणार? निवडणुकीचा अंदाज सांगणारेसुद्धा हजारांत विचारतात आणि तरी तोंडावर पडतात."

"अंदाज वेगळा आणि चुका शोधणं वेगळं. रस्त्यात खड्डा आहे का हे बघायला सगळ्या गावाला त्यावरून चालवावं लागत नाही. जेकब नील्सन म्हणून या विषयातला मोठा माणूस आहे, त्याने २००० साली हे मांडलं. पाच जणांना बसवलं की वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. सहाव्याला बसवलं तर तो पुन्हा त्याच ठिकाणी अडतो. त्यापेक्षा चुका दुरुस्त करा आणि नवे पाच बोलवा."

हा हिशोब लोक सोयीचा तेवढाच ऐकतात, असं माझं मत आहे. पाच एकाच तऱ्हेच्या माणसांतले पाच. ॲप आजीने, रिक्षावाल्याने आणि कॉलेजच्या मुलाने वापरायचं असेल तर प्रत्येक जातकुळीतली वेगळी माणसं बसवायला हवीत. ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरचे पाच इंजिनिअर बोलावले, तर पाचही जण पटापट सिलिंडर बुक करतील आणि वहिनी तिथेच अडलेल्या राहतील.

"आणि कुणालाच बसवलं नाही तर?"

"मग अमेरिकेसारखं होतं," मी म्हटलं. ही गोष्ट मला मनापासून आवडते. २००० सालची अध्यक्षपदाची निवडणूक. फ्लोरिडात पाम बीच नावाचा जिल्हा, निवृत्त म्हाताऱ्या माणसांची वस्ती मोठी. उमेदवार बरेच होते. सगळी नावं एका पानावर घेतली तर अक्षर बारीक होईल, म्हाताऱ्यांना दिसायचं नाही, म्हणून तिथल्या निवडणूक अधिकारी बाईंनी नावं समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली आणि भोकं पाडायची रांग मधोमध ठेवली. हेतू किती चांगला! पण झालं असं, की डाव्या पानावर बुश पहिले, गोर दुसरे. बुश यांचं भोक पहिलं. दुसरं भोक मात्र उजव्या पानावरच्या बुकॅननचं, आणि गोर यांचं तिसरं.

"म्हणजे दुसऱ्या नावासाठी दुसरं भोक पाडलं की मत भलत्यालाच!"

"बरोबर. बुकॅनन यांना तिथे ३,४०० हून जास्त मतं पडली. त्यांनी स्वतः टीव्हीवर सांगितलं, यातली बरीच माझी नसावीत. शिवाय काही जणांना चूक लक्षात आली आणि त्यांनी योग्य भोकही पाडलं. दोन भोकं म्हणजे मत बाद. अशा १९,००० हून जास्त मतपत्रिका बाद झाल्या. आणि अख्ख्या फ्लोरिडात बुश किती मतांनी जिंकले? ५३७."

वहिनी गप्प झाल्या. हे क्वचित घडतं.

"पाच आजोबा बोलवायचे," त्या शेवटी म्हणाल्या. "एक चहा, एक पेन्सिल. कळलं असतं."

"कळलं असतं."

"आपलं मशीन बरं, नाही? नाव, चित्र, निळं बटण, सगळं एका ओळीत. दिवा लागतो. आणि ते लांब पींsss वाजल्याशिवाय मला मत दिल्यासारखंच वाटत नाही."

ते मशीन आपोआप तसं झालेलं नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि पेटीवर चिन्ह चिकटवलं. मतदाराने चिन्ह बघून पेटी निवडायची. मतदान यंत्र पहिल्यांदा वापरलं ते १९८२ साली, केरळमधल्या परवूर मतदारसंघात, ५० केंद्रांवर. यंत्राचं रूप घडवण्यात आपल्या पवईच्या आयआयटीमधल्या आयडीसी या डिझाइन संस्थेचे ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा हात आहे. त्यावर लोकांचे वाद असतील, ते राजकारणी बोलतील. पण बटण कुठलं दाबायचं, यावरून रांगेत कुणी खोळंबलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

"आवाज पाहिजेच," वहिनी म्हणाल्या. "मंडईतल्या मावशींकडे ते बोलकं खोकं आहे ना, पैसे आले की ओरडतं. हात चिखलाने भरलेले, गिऱ्हाईक चार उभे, त्या कुठे मोबाईल बघणार? खोकं बोललं की मेथी पिशवीत. आणि त्याच मोबाईलवर कोपऱ्यावरच्या मामांचे पैसे गेले, ऐकलंत ना?"

ऐकलं होतं. जुना सोफा विकायला काढला होता. घेणाऱ्याने फोनवर सांगितलं, पैसे पाठवतोय, पिन टाका म्हणजे जमा होतील. मामांनी टाकला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, द्यायला लागतो. समोरच्याने पैसे पाठवले नव्हते, मागितले होते.

"सगळी गल्ली हसली त्यांना. शिकलेला माणूस म्हणे," वहिनी म्हणाल्या. "सूनबाई नाही हसली. तिने विचारलं, मामा, पडद्यावर त्या वेळी काय दिसत होतं? त्यांना आठवेना. तो फोनवरून बोलत होता, हे ऐकत होते, वाचलंच नाही काही."

तिचं बरोबर आहे. 'पिन सांगू नका' अशा जाहिराती वर्षानुवर्षं चालल्या आणि माणसं फसत राहिली. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका माणसाने दुसऱ्याकडे अशी मागणी पाठवायची सोयच बंद झाली. दुकानदारांची चालू आहे. मामांना उपदेश करण्यापेक्षा तो खटका काढून टाकणं केव्हाही बरं, फक्त त्यांचे पैसे गेले तेव्हा तो तिथेच होता.

"पण कंपन्या हे सगळं पुण्य म्हणून करतात का?" वहिनींनी मुद्द्याला हात घातला.

"छे! जेरेड स्पूल नावाच्या सल्लागाराने एक किस्सा लिहिलाय. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात पैसे देण्याआधी 'नोंदणी करा' असं बटण होतं. लोकांना बसवून बघितलं तर ते तिथे चिडत होते. आम्हाला वस्तू हवीय, सोयरीक नकोय. बटण बदलून 'पुढे चला' केलं आणि नोंदणी ऐच्छिक ठेवली. पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरचा माल जास्त खपला म्हणे."

"एका बटणावर! आणि मी तिला बघत बसण्याचा पगार म्हणत होते." वहिनींनी बादली उचलली, दोन पावलं गेल्या आणि परत कुंपणाशी आल्या. "बरं, पुढच्या रविवारी ती पुन्हा येतेय. सत्तरीच्या पुढचा, चष्मा लावणारा, मोबाईलला वचकून असणारा एक पुरुष पाहिजे म्हणाली. मी तुमचं नाव देऊन टाकलंय."

"अहो, मी कुठे वचकून असतो?"

"तेही लिहून घेईल ती. अकरा वाजता या. आणि अडलात तर तिच्या तोंडाकडे बघू नका, ती काही सांगत नाही. माझ्याकडे तर मुळीच बघू नका, मला स्वयंपाकघरात बसायला सांगितलंय."