द्रविडला रांगेत राहू द्या

पुण्याहून, सांगलीहून, कोल्हापूरहून बंगळुरूला आलेला पाहुणा चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारतोच, "काय हो, इथं द्रविड दिसतो का?" लालबाग, विधानसौध, म्हैसूरची सहल हे सगळं त्यानंतर. कुणाला इंदिरानगरातून गाडी हळू न्यायची असते, कुणाला घराचं निदान फाटक तरी बघायचं असतं. मी उलट विचारतो, "समजा दिसला, तर काय कराल?" उत्तर एकच येतं, "सेल्फी!" त्याच्याशी बोलाल काय, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

नामवंत माणूस रांगेत, दुकानात, बसमध्ये अचानक दिसणं ही त्या शहराची श्रीमंती असते. तो तिथं बिनघोर उभा राहू शकतो, याचा अर्थ शहरातली माणसं शहाणी आहेत. बंगळुरूकडे ही श्रीमंती होती, अजूनही थोडी शिल्लक आहे. आपण ती मोबाइल उगारून उधळायला लागलो आहोत.

आपण मराठी माणसं तर यात दोन पावलं पुढे. द्रविड आपलाच! जन्म इंदूरचा, ११ जानेवारी १९७३. वडील शरद द्रविड जॅम बनवणाऱ्या किसान कंपनीत नोकरीला, म्हणून पोराचं टोपणनाव जॅमी. आई पुष्पाताई इथल्या विश्वेश्वरय्या इंजिनिअरिंग कॉलेजात वास्तुशास्त्राच्या प्राध्यापक. घरात मराठी. सगळं खरं. पण म्हणून "सर, मीपण मराठी!" असं ओरडत त्याच्या खांद्यावर हात टाकायचा परवाना आपल्याला कुणी दिला? मराठी घरातला हा मुलगा इथल्या सेंट जोसेफ शाळेत शिकला, कर्नाटकाकडून रणजी खेळला, इथल्या माणसांशी कन्नडमध्ये बोलतो. आपुलकी वाटत असेल तर तिचा पहिला नियम हा, की आपल्या माणसाला त्रास द्यायचा नाही.

नोव्हेंबर २०१७ मधला एक फोटो आठवून बघा. द्रविड मुलांना घेऊन विज्ञान प्रदर्शनाला गेला होता आणि इतर पालकांसारखा रांगेत उभा होता. ना पुढे घुसणं, ना कुणाची शिफारस. तो फोटो देशभर फिरला आणि केवढं कौतुक झालं! कौतुक झालं ते बरंच झालं. पण बाप मुलांना घेऊन रांगेत उभा राहतो, ही बातमी कशी काय होते? बाकीचे नामवंत रांग मोडतात आणि आपण त्यांना वाट करून देतो, म्हणूनच ना? आपण जर कुणालाच वाट करून दिली नसती, तर त्या फोटोकडे कुणी ढुंकूनही बघितलं नसतं.

मला त्याहून आवडतो तो २०२२ चा प्रसंग. गुंडप्पा विश्वनाथ यांच्या आत्मचरित्राचा कार्यक्रम इथल्या एका पुस्तकांच्या दुकानात होता. विश्वनाथ म्हणजे सुनील गावसकरांचे मेहुणे, तेव्हा आपले जावईच म्हणायचे. इतिहासकार रामचंद्र गुहा त्यांच्याशी गप्पा मारणार होते. त्या वेळी द्रविड भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. तो मास्क लावून आला, गुहांना नमस्कार केला आणि थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसला. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीला आपल्या बाजूला कोण बसलंय याचा पत्ताच नव्हता. कार्यक्रम विश्वनाथ यांचा होता आणि तो त्यांचाच राहिला. पहिल्या रांगेत बसला असता तर लोकांनी वक्त्यांकडे पाठ करून त्याचेच फोटो काढले असते, हे त्याला ठाऊक असणार. म्हणजे बघा, थोर माणसाला दुसऱ्या थोर माणसाचा मान राखायचा तर आधी आपल्यापासून लपावं लागतं.

आणि लपता आलं नाही की काय होतं? फेब्रुवारी २०२५ मध्ये कनिंगहॅम रोडवर त्याच्या गाडीला मालवाहू रिक्षा घासली. कुणाला इजा नाही. दोघांत कन्नडमध्ये थोडी वादावादी झाली. या शहरात अशा ठोकरी दिवसाला शेकड्यांनी होत असतील. पण ही कुणीतरी मोबाइलवर टिपली आणि बघता बघता देश त्यावर मिटक्या मारत होता. द्रविडला राग आला, द्रविड चिडला! का चिडू नये त्याने? कसोटीत ३१,२५८ चेंडू खेळून काढले, म्हणून गाडीला खरचटल्यावरही त्याने संत व्हायचं? मला जास्त वाईट वाटलं त्या रिक्षावाल्याचं. तो तर प्रसिद्धही नव्हता. पोटासाठी रिक्षा चालवणारा माणूस, त्याची अडचणीची पाच मिनिटं घरोघरी पोचली आणि त्याला कुणी विचारलंही नाही.

अनिल कुंबळेचं बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी वाहतूकवाल्यांचा बंद होता. टॅक्सी नाही, रिक्षा नाही. कुंबळे विमानतळावर उतरला आणि सरळ बीएमटीसीच्या, म्हणजे इथल्या शहर बससेवेच्या, बसमध्ये बसून घरी आला. बसमधला फोटो त्याने स्वतःच टाकला. कोटलावर ७४ धावांत १० बळी घेणारा, ज्याच्या नावाचा चौक एम. जी. रोडला आहे, तो माणूस तिकीट काढून बसमध्ये. यात मला बीएमटीसीचंही कौतुक वाटतं. माजी कप्तान निर्धास्त बसू शकेल अशी बससेवा आपल्या किती शहरांत आहे?

बीएमटीसीवरून शिवाजीराव गायकवाडांची आठवण यायलाच हवी. याच शहरातल्या मराठी घरात १९५० साली जन्मलेला आणि इथल्या बसमध्ये तिकिटं फाडणारा हा कंडक्टर पुढे रजनीकांत झाला. २९ ऑगस्ट २०२३ ला 'जेलर' जोरात चालू असताना तो जयनगरच्या बस डेपोत न सांगता जाऊन उभा राहिला. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक हातातलं काम टाकून धावले. गप्पा झाल्या, फोटो झाले, सगळे खूश. इथं फोटोंना माझी काही हरकत नाही. तो आपणहून आला होता, आपल्या जुन्या बिरादरीला भेटायला. त्याने भेट दिली, त्यांनी घेतली. दिलेली भेट घेण्यात आनंद असतो. आपण रस्त्यात करतो ती हिसकाहिसकी.

ती हिसकाहिसकी मी जवळून बघितली आहे. जयनगरातल्या एका दर्शिनीत, जिथं उभ्या-उभ्याच खायचं असतं, एक जुना खेळाडू डोसा खात होता. वय झालेलं, डाव्या हातात ताटली, उजवा हात चटणीने भरलेला. एक गृहस्थ आले, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि बायकोला म्हणाले, "काढ गं." फोटो हलला. "सर, एक मिनिट, ताटली जरा बाजूला ठेवता का?" त्याने ठेवली. मग लेकराला उचलून मध्ये धरलं, लेकरू रडायला लागलं. मग शेजारचे दोघे आले. मग काउंटरवरचा पोरगा. जाताना त्या गृहस्थांनी मलाच दबक्या आवाजात विचारलं, "हे नक्की कोण हो?" डोशाचं पार चामडं झालं होतं. खेळाडूने तो अर्धा टाकला, हात धुतले आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. ज्याचं नावही माहीत नाही, त्याच्या तोंडचा घास काढून घ्यायचा, याला मी चाहता म्हणायला तयार नाही.

पूर्वी सही घ्यायची पद्धत होती. तिच्यात निदान वही लागायची, पेन लागायचं, समोर थांबावं लागायचं, नाव सांगावं लागायचं. खेळाडू मान खाली घालून लिहायचा, तेवढ्या वेळात एखादं वाक्य बोलणं व्हायचं. सेल्फीत दोघंही एकमेकांकडे पाठ फिरवून काचेकडे बघतात. प्रकाश पदुकोण मल्लेश्वरमच्या कॅनरा युनियनच्या लग्नाच्या हॉलमध्ये बॅडमिंटन शिकला. लग्न असलं की खेळ बंद, वऱ्हाड गेलं की पुन्हा सुरू. १९८० साली ऑल इंग्लंड जिंकलेला माणूस गल्लीतल्या लोकांच्या डोळ्यांसमोर घडला. त्याच्याशी बोलायला त्यांना निमित्त लागत नव्हतं आणि पुराव्याला फोटोही लागत नव्हता.

मुंबईशी तुलना करतो, रागावू नका. तिथं रविवारी 'जलसा'च्या फाटकाबाहेर लोक बच्चनसाठी थांबतात, 'मन्नत'समोर रोजची गर्दी असते. नामवंत आत आणि लोक बाहेर, मध्ये फाटक. बंगळुरूत निदान काल-परवापर्यंत फाटक नव्हतं. पण प्रत्येक हिसकावलेल्या सेल्फीबरोबर एकेक माणूस काळ्या काचेआड जातो, आणि मग त्याला बघायचं तर एकच जागा उरते, गर्दी.

गर्दी काय करते हे या शहराने २०२५ मध्ये बघितलं. ९ फेब्रुवारीला सकाळी चर्च स्ट्रीटवर ब्रिटिश गायक एड शीरन गिटार घेऊन गायला उभा राहिला. लोक जमायला लागले आणि पोलिसाने येऊन माइकची वायरच काढली. पोलीस म्हणाले परवानगी नव्हती, शीरन म्हणाला होती. जगभर त्या पोलिसाची टर उडवली गेली. मी पोलिसाच्या बाजूने आहे. चर्च स्ट्रीटची रुंदी मला माहीत आहे. बातमी फुटून तिथं हजारो लोक घुसले असते तर बाहेर पडायला जागा नव्हती. समोर कोण गातंय यापेक्षा मागून किती जण येताहेत, हे बघणं पोलिसाचं काम. त्याने ते केलं.

चारच महिन्यांनी तशी वायर कुणी काढली नाही. ३ जूनच्या रात्री आरसीबीने अठराव्या हंगामात पहिल्यांदा आयपीएल जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमवर सत्कार ठेवला. स्टेडियमची क्षमता पस्तीस हजारांच्या आसपास, बाहेर लोक लाखांनी. फाटकांशी चेंगराचेंगरी झाली आणि ११ जण मेले. बहुतेक तरुण, त्यांत एक शाळकरी मुलगी. कुंबळेच्या नावाचा चौक तिथून हाकेच्या अंतरावर आहे. त्या पोरांना मी दोष देणार नाही. त्यांना बोलावलं होतं, म्हणून ती आली. बोलावणाऱ्यांनी आणि बंदोबस्त ठेवणाऱ्यांनी त्याचा जाब द्यायचा आहे, आणि तो पुरता मिळेपर्यंत या शहराने तो विषय सोडू नये. मला छळतो तो वेगळा प्रश्न. लांबून, बसच्या छतावर किंवा मैदानाच्या मध्यात, ठिपक्याएवढा दिसणारा एक खेळाडू बघण्यासाठी पोरं एवढी आसुसली का? कारण जवळून, साध्या कपड्यांत, रांगेत उभा असलेला खेळाडू त्यांनी कधी बघितलेलाच नाही. आजचा कोहली कब्बन पार्कात सकाळी फिरायला येईल का? आलाच तर त्याला दहा पावलं तरी चालू देऊ का आपण?

म्हणून बंगळुरूत राहणाऱ्या आणि इथं येणाऱ्या सगळ्या मराठी मंडळींना हात जोडून सांगतो. कुणी ओळखीचा चेहरा दिसला तर जरूर ओळखा, हसा, मान हलवा. बोलावंसं वाटलं तर दोनच वाक्यं बोला, पण मनातली बोला. द्रविड असेल तर, "२००३ च्या अ‍ॅडलेड कसोटीसाठी आम्ही पहाटे उठायचो." कुंबळे असेल तर, "अँटिग्वात तुटलेल्या जबड्याने टाकलेली ती षटकं विसरलेलो नाही." एवढं पुरे. तो थांबला तर थांबा, चालू लागला तर बाजूला व्हा. तो जेवत असेल, दवाखान्यात असेल, मुलांबरोबर असेल, तर तेही नको. तुमच्या मुलांनाही हेच शिकवा आणि त्यांना त्याच्या अंगावर ढकलू नका. आणि दुसरा कुणी मोबाइल रोखून त्याच्याकडे धावताना दिसला, तर मध्ये उभे राहा आणि सांगा, "राहू द्या हो, आपलंच माणूस आहे ते."