फ्रेजल भाऊ

इंग्रजीचा एखादा तुकडा गालात धरून दिवसभर चघळणारा माणूस तुमच्याही गावात असणारच. आमच्या चौसाळ्यातला सोलापूर-धुळे हायवेलगत खत-बियाण्याच्या दुकानात बसतो. बोलण्यात सारखे इंग्रजीतले 'फ्रेजल व्हर्ब', म्हणून पोरं त्याला फ्रेजल भाऊ म्हणतात. युरिया संपला की हा गिऱ्हाइकाला ऐकवतो, "वुई हॅव रन आउट ऑफ युरिया."

"म्हंजी नाही का?"

"नाही."

"मग तसं सांगा की भाऊ!"

मागं भावकीतलं एक लग्न सुतकामुळं पुढं ढकललं. भाऊनं ग्रुपवर टाकलं, 'मॅरेज पुट ऑफ'. आमच्याकडं 'ऑफ' म्हणजे लाइट गेली. लोकांनी लग्न मोडलं असं धरलं, बँडवाल्यानं दुसरी सुपारी घेतली आणि मुलीचा मामा जाब विचारायला निघाला. भाऊ वेशीवर उभा राहून त्याला समजावतोय, "मामा, मोडलं असतं तर 'कॉल ऑफ' लिहिलं असतं!"

पण त्याचा खरा जीव एकाच वाक्यावर. 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', म्हणजे धो धो पाऊस पडतोय. आता बीड जिल्हा पडला पर्जन्यछायेत. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अशा मुलखात हे वाक्य वापरायचं कधी? मृग लागला की भाऊ दुकानाबाहेर खुर्ची टाकून आभाळाकडं बघतो. स्टँडवरचा पानवाला ओरडतो, "भाऊ, पडली का मांजरं?" भुरभुर असली तर भाऊ गंभीरपणे सांगतो, "पिल्लं पडायलीत." एकदा जरा बरी सर आली. भाऊ उठला, घसा साफ केला, 'इट इज रेनिंग'पर्यंत आला आणि सर थांबली. त्या दिवशी अख्ख्या स्टँडनं हळहळ व्यक्त केली.

खुद्द इंग्रजसुद्धा आता हे फारसं बोलत नाहीत, असं मी त्याला एकदा सुनावलं. तो म्हणाला, "जोनाथन स्विफ्टनं 1738 साली छापलंय. तुमच्या सातबाऱ्यापेक्षा जुनं आहे." सातबारा मध्येच कशाला काढायचा? पण त्याच्याशी वाद घालणं म्हणजे सायंकाळ घालवणं.

हे सगळं त्यानं पुण्यातल्या अभ्यासिकेत पाठ केलं. एमपीएससीची तयारी, जवळ 'पाल अँड सुरी', मेसचा डबा आणि गावाकडून ऊसतोडीच्या उचलीतून येणारे पैसे. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव हिस्सा मार्क कापतात. याची पोस्ट इंग्रजीच्या पेपरात गेली असं गाव म्हणतं. तो स्वतः तो विषय काढत नाही. एवढं मात्र खरं, की संध्याकाळी शटर अर्धं ओढून स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींना तो गोण्यांवर बसवून फ्रेज घोकून घेतो. 'लुक आफ्टर' आणि 'लुक फॉर'मधला फरक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. एक पैसा घेत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

मग 2025 चा सप्टेंबर आला. मराठवाड्यावर आभाळ फाटलं. नद्यांना पूर, उभं सोयाबीन पाण्यात. मला वाटलं, आज गडी वाक्य उरकून घेणार. दुकानात गेलो तर भोवती म्हाताऱ्यांचा गराडा आणि हा खाली मान घालून एकेकाचे नुकसानभरपाईचे अर्ज लिहितोय, शुद्ध मराठीत. मीच चेष्टेनं म्हणालो, "भाऊ, आज म्हणा की!"

त्यानं मान वर केली नाही. "सोयाबीन सडायलंय, अन् तुम्हाला कुत्री-मांजरं सुचायलीत?"

तेव्हापासून मी त्याला चिडवत नाही. पोरं चिडवतात, चिडवू देत. तुमच्या पोराला इंग्रजीत मार्क कमी पडत असतील तर त्याला खुशाल भाऊकडं धाडा. फक्त लग्नाचा निरोप त्याच्याकडून कळवू नका.