शेततळ्यातल्या शेवाळास खुले पत्र

शेवाळा,

मायन्यात 'प्रिय' लिहीत नाही, कारण तू प्रिय नाहीस. जुन्नरच्या आणे पठारावर किंवा आंबेगावच्या पूर्वेला लोणी-धामणीकडे शेततळं भरायचं म्हणजे काय, हे तुला कधी कळणार नाही. पावसाळ्यात विहीर उपसून पाणी साठवायचं, रात्रीच्या विजेला उठून मोटार लावायची, 500 मायक्रॉनच्या कागदासाठी कर्ज काढायचं. येडगाव, माणिकडोह, डिंभे ही धरणं याच दोन तालुक्यांत आहेत; तरी ज्यांच्या शिवारात कालव्याचं पाणी चढत नाही, त्यांची उन्हाळ्याची भिस्त या साठ्यावरच. आणि तू आयतं येऊन त्यावर पसरतंस.

नुसतं पसरून थांबलं असतंस तरी चाललं असतं. तू फिल्टरच्या जाळीत बसतंस, तिथून निसटलंस की ड्रिपरच्या तोंडाशी चिकटतंस. बॅकवॉश करून माणूस थकतो आणि सरीच्या शेवटची टोमॅटोची झाडं ऐन फळात माना टाकतात. तुझ्या निळ्या-हिरव्या भावकीतल्या काही जाती तर पाण्यात विष सोडतात; ते पाणी पिऊन जनावरं दगावतात.

तुझ्यावर मोरचूद चालतं, हे 1904 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी दाखवून दिलं. बोर्डो मिश्रणामुळे द्राक्षबागायतदाराच्या घरात ते असतंच. पण तेव्हापासूनचं शास्त्र सांगतं, मात्रा अगदी थोडी लागते. 20 लाख लिटरच्या तळ्यात दहा लाखांत एक भाग हे प्रमाण धरलं, तर दोन किलो. रागाच्या भरात पोतं रिकामं केलं, तर फावतं तुझंच. तू एकदम मरून कुजतंस, पाण्यातला प्राणवायू संपवतंस आणि रोहू-कटला उलटे होऊन तरंगतात. शिवाय तुझ्याच कुजलेल्या देहावर तुझी पुढची पिढी पोसली जाते. पाणी जड असेल, तर मोरचूदही साक्याबरोबर खाली बसतं, पैसे वाया. म्हणून आधी पाणी तपासायचं, तुला जाळीनं ओढून बाहेर काढायचं आणि मग तळ्याच्या एकेका भागातच औषध द्यायचं. मासे असतील तर मत्स्य खात्याला विचारल्याशिवाय तेही नाही.

खरा घाव तुझ्या अन्नावर घालायला हवा. ऊन, नत्र आणि स्फुरद यांवर तू जगतंस. पोल्ट्रीचं खत बांधाला रचून ठेवलं, की पहिल्याच वळवात ते तळ्यात उतरतं. तो ढीग हलवायचा. तळ्यावर शेडनेट ताणायचं, म्हणजे तुझं ऊन तुटेल आणि बाष्पीभवनही घटेल. फुटव्हॉल्व्ह तरंगत्या ड्रमला टांगून पृष्ठभागाखाली दोन-एक फुटांवर ठेवायचा, म्हणजे वरचा तवंगही ओढला जात नाही आणि तळचा गाळही नाही.

एका गोष्टीसाठी मात्र तुला क्षमा नाही. उन्हाळी सुट्टीत पोरं पोहायला उतरतात. कागदाचा उतार आधीच निसरडा, त्यावर तुझा बुळबुळीत थर. काठ हाताच्या अंतरावर असतो आणि पोहता येणारं पोरही वर चढू शकत नाही. दरवर्षी वर्तमानपत्रात तीच बातमी येते. तेव्हा तुझा बंदोबस्त होईल तेव्हा होईल. त्याआधी प्रत्येक तळ्याला चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडलेले हवेत, हवा भरलेली ट्यूब पाण्यावर हवी आणि तारेच्या कुंपणाला कुलूप हवं. हा खर्च मोरचुदाच्या आधीचा आहे.

जुन्नर-आंबेगावातला एक शेतकरी