कथा पोच, सहा चहा

नेरमध्ये ‘सर कुठं राहतात?’ असं विचारलं तर समोरून उलटा प्रश्न येतो, ‘कोणते?’ गणिताचे सर आहेत, विम्याचे सर आहेत, ट्यूशनवाले सर आहेत. आमचे आहेत ते लेखकसर. ही पदवी त्यांना कोण्या विद्यापीठानं दिलेली नाही, स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्यानं दिली. त्याच्या उधारीच्या वहीत तीन सर झाले, आणि गणिताच्या सरांचे आलुबोंडे आमच्या सरांच्या नावावर चढू लागले, तेव्हा त्यानं पानाच्या डोक्यावर ‘लेखक’ लिहून टाकलं. सरांनी ते वाचलं आणि गणिताच्या सरांचे चार आलुबोंडे कुरकूर न करता भरून टाकले. एवढ्या स्वस्तात मान्यता कोणाला मिळाली आहे?

गावाचंही तेच. धुळ्याकडे एक नेर आहे, म्हणून आमच्या यवतमाळकडच्या नेरला मागे परसोपंत लावावं लागतं. सर पाकिटावर परसोपंत लिहायला विसरत नाहीत, पण संपादक विसरतात अशी त्यांची ठाम समजूत आहे. आजवर आपल्या किमान अकरा कथांची स्वीकृतिपत्रं धुळ्याच्या नेरला गेली, असा त्यांचा हिशोब. ‘साभार परत’ मात्र बरोब्बर आमच्याच नेरला येतं, कारण परतीचं पाकीट सरांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात आधीच जोडलेलं असतं. पूर्वी ते रजिस्टरनं रमतगमत यायचं, तोवर आशेत महिना निघायचा. २०२५ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळून टाकलं. ‘म्हणजे आता नकारही स्पीडनं,’ सर म्हणाले, ‘माणसाले वाट पाहाचंही सुख ठेवलं नाई बाप्पा.’

सरांचा जन्म १९७३ चा. त्याच वर्षी यवतमाळला ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं होतं, आणि या दोन घटनांचा संबंध नाही असं सरांसमोर म्हणायची कोणाची छाती नाही. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडलं नसतं तर आपलं सगळंच वेगळं झालं असतं, असं ते हळहळून सांगतात. त्या वर्षी ते चौथीत होते.

‘पहाटे पाचला उठून लेखन’ असं सरांनी एका स्मरणिकेतल्या परिचयात छापून घेतलं आहे. वहिनींचं म्हणणं, पाचला नळ येतो. दोघांचंही खरं आहे. नळाखाली गुंड लावायचा, ओट्यावर वही उघडायची, गुंड भरेपर्यंत एक परिच्छेद. नळ पाऊण तास असतो. ‘म्हणून मी कथाकार झालो,’ सर सांगतात, ‘चोवीस तास पाणी असतं तर कादंबरीकार झालो असतो.’ त्यांच्या कथांचा शेवट घाईत होतो अशी टीका एका समीक्षकानं केली होती. त्याच्याकडे बोअर असावी.

यानंतर शाळा. तिथं शिकवण्याइतकंच माहिती भरण्याचं काम असतं, आणि तीच माहिती महिन्यात तीनदा तीन नमुन्यांत मागतात. सर तिला लघुकथालेखनाचा रियाज म्हणतात. संध्याकाळी सहाला ते हॉटेलात येतात, आणि इथून त्यांचा साहित्यिक दिवस सुरू होतो.

सर खायला कधीच येत नाहीत. ते बातमी घेऊन येतात. आम्ही पाचजण बाकावर असतोच, सर सहावे. ‘आज बातमी हाय’ म्हणाले की हॉटेलवाला कढईकडे नाही, सरांच्या चेहऱ्याकडे बघतो, कारण कोणत्या बातमीला काय, हे इतक्या वर्षांत पक्कं ठरून गेलं आहे. कथा पाठवली, तर ज्याचा त्याचा चहा. संपादकाचा ‘मिळाली’ एवढाच मेसेज आला, तर सगळ्यांना चहा सरांकडून. कथा स्वीकारली, तर आलुबोंडा-तर्री: बोंडा ताटलीत मधोमध फोडलेला, त्यावर लालभडक तर्री, वरून कांदा, शेव आणि मूठभर सांबार. कथा छापून आली, तर वावरात रोडगे. मानधन मिळालं तर काय, ते बरीच वर्षं ठरलेलं नव्हतं. तशी वेळ आली नव्हती.

हॉटेलवाला हे सगळं तारखेनिशी लिहून ठेवतो. ‘कथा पोच, ६ चहा.’ ‘कथा वापस, ६ चहा, १ बिस्कीट पुडा.’ बिस्किटाचा पुडा का, असं मी एकदा विचारलं. ‘त्या दिवशी सर जेवत नाईत ना घरी,’ तो म्हणाला. उद्या कोणी सरांच्या वाङ्मयावर पीएच.डी. करायला घेतली तर त्यानं ग्रंथालयात वेळ घालवू नये. ही वही मागावी.

वहीत एक नोंद आहे, ‘सांबार, ९ चहा’. तिचा इतिहास सांगायला हवा. पुण्याच्या एका दिवाळी अंकानं सरांची कथा घेतली. नायिका सकाळी वावरात जाते, धुऱ्यावरचा सांबार तोडते आणि ओच्यात भरून घरी आणते, असा सुरेख प्रसंग होता. संपादकांचा फोन आला. कथा आवडली, पण एक शंका होती: सांबार ओच्यात कसं आणलं, गळलं नाही? सरांनी सांगितलं की आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. संपादक म्हणाले, हो का, वा, छान. प्रुफं वाचणाऱ्यापर्यंत मात्र तो ‘वा, छान’ पोचलाच नाही. छापून आलेल्या कथेत नायिका सकाळी वावरात जाऊन सांबार करते आणि डब्यात भरून घरी आणते. घरी इडली होती की नाही, हे लेखकानं वाचकाच्या कल्पनेवर सोडलं आहे. सर तीन दिवस धुमसत होते. १९६० साली उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ कादंबरीनं वऱ्हाडी बोली अख्ख्या महाराष्ट्राला वाचायला लावली, तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि आता विचारतात! यावर नऊ चहा गेले. तरी छापून आली ती आली म्हणून रोडगेही झाले, आणि वांग्याच्या भाजीवर सांबार घालताना कोणी हसायचं नाही अशी अट होती. अट मोडणारा पहिला माणूस सरच.

मराठीतला पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’चा, १९०९ चा, हे सर प्रत्येक रोडग्यांच्या वेळी सांगतात. तो नेरला कधी पोचला ते माहीत नाही. आजचे मात्र कापसाची दुसरी वेचणी सुरू झाल्यावर पोचतात. त्यामुळे आमचे रोडगे ऐन थंडीत होतात, आणि ते बरंच आहे. गव्हाचं जाडसर पीठ तेल-मीठ घालून घट्ट भिजवायचं, पोळीवर पोळी ठेवून गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या आरात लोटून द्यायचा. मग अर्धा तास कोणी काही करू शकत नाही. हाच अर्धा तास सर कथा वाचून दाखवतात. श्रोते पळून जात नाहीत, कारण रोडगे आत आहेत. एक डोळा आरावर, एक कान कथेवर. रोडगा बाहेर काढून फडक्यात धरून राख झटकायची, मुठीनं दाबला की तो पदरापदरांनी उकलतो, आणि त्यात तूप ओतलं की दोन क्षण आवाज येतो. वर वरण, बाजूला वांगं. त्या आवाजानंतर साहित्यावर कोणी बोलत नाही.

पुस्तकाचं प्रकरण मी थोडक्यात आवरतो, कारण सरही आवरतात. एका प्रकाशकानं संग्रह काढला. पाचशे प्रती, त्यातल्या दोनशे लेखकानं घ्यायच्या. अक्षरं जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणायला सर अमरावतीला चार चकरा करून आले. प्रत्येक चकरेत गिला वडा खाल्ला, आणि त्या कामातली तेवढीच गोष्ट बिघडली नाही असं सांगतात. दोनशे प्रती दिवाणाखाली गेल्या. दिवाण चार बोटं वर उचलला गेला, वहिनींच्या मते झोप त्यानंतर सुधारली. आता सरांकडून लग्नात आहेराऐवजी सही केलेलं पुस्तक येतं. नेरच्या काही घरांत तीन-तीन प्रती आहेत, लग्नाच्या वयाची पोरं जास्त असलेल्या घरांत पाच.

आणि एकदा मानधनही आलं. पाचशे रुपये, थेट खात्यात. सर आम्हाला यवतमाळला घेऊन गेले, बुढीच्या चिवड्याचे पुडे घेतले, जेवण झालं, पेट्रोल झालं. हिशोब मी केला होता, पण सांगत नाही.

२०१९ च्या जानेवारीत संमेलन पुन्हा यवतमाळला आलं, सेहेचाळीस वर्षांनी. अध्यक्ष अरुणा ढेरे. सर तोवर सेहेचाळीसचे झालेले, म्हणजे हा योगायोग नव्हताच. पण लेखिका नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण रद्द झालं आणि सर खवळले. हॉटेलात त्यांनी बहिष्कार जाहीर केला, सहा चहा. पुढं कळलं की उद्घाटन आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे करणार आहेत, ज्यांच्या नवऱ्यानं कर्जापायी आत्महत्या केली. सर काही बोलले नाहीत. ११ तारखेला आमच्या आधी मांडवात जाऊन बसले होते.

सरांच्या पिशवीत त्या दिवशी एक कथा होती. शेतकऱ्याच्या आत्महत्येवरची, संमेलनात एखाद्या संपादकाच्या हातात द्यायची म्हणून स्वच्छ लिहून आणलेली. वैशालीताईंचं भाषण झालं. टाळ्या थांबल्यावर सर उठले आणि पिशवी तशीच घेऊन स्टँडवर आले. यवतमाळ ते नेर बसमध्ये एकदाच बोलले: ‘मी वावरातल्या माणसावर लेहलं, भाऊ. घरातल्या बाईले एक शबूद नाई दिला.’ वहीत त्या दिवशीची नोंद आहे, ‘कथा सरांनीच वापस घेतली, १ चहा’. आम्ही कोणी घेतला नव्हता.

सध्या कादंबरी चालू आहे. शकुंतला रेल्वेवर. यवतमाळ ते मूर्तिजापूर, सुमारे ११३ किलोमीटर, अरुंद रूळ, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन, असं सगळं सरांनी जमवलं आहे. नायक नेरच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेला आहे. पहिलं प्रकरण बाकावर वाचून झालं, तेव्हा विम्याचे सर हळूच म्हणाले, ‘सर, शकुंतला दारव्ह्यावरून जाय. नेरले टेशन कुठं हाय?’

‘म्हणून तं तो वाट पाहते,’ सर म्हणाले.

कोणी हसलं नाही. हॉटेलवाल्यानं कढईखालची आच कमी केली आणि कादंबरी किती पानांची होईल ते विचारलं. सर म्हणाले, दोनशे. तो शेजारच्या दुकानात गेला, दोनशे पानी वही घेऊन आला, पहिल्या पानाच्या डोक्यावर ‘लेखक’ लिहिलं, खाली तारीख टाकली आणि लिहिलं, ‘कादंबरी सुरू, ६ चहा’. मग सात ओतले. सातवा त्याचा स्वतःचा होता, तो वहीत नाही.